अनुभव धागा: एका स्पेसने केलेला घात

फाइलच्या नावातल्या स्पेसने तुमच्या शेल स्क्रिप्टचा (शेलला, म्हणजे टर्मिनलमधल्या हुकूम वाचणाऱ्याला, द्यायच्या हुकमांची फाइल) कधी बोऱ्या वाजवलाय? लिहा इथे. सुरुवात मीच करतो.

ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी जुने अहवाल उडवायला चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमध्ये ‘जुना अंतिम.पीडीएफ’ होती आणि ‘अंतिम.पीडीएफ’सुद्धा. आरएम या फाइल उडवणाऱ्या हुकमापुढे फाइलचं नाव धरलेलं व्हेरिएबल लिहिलं, पण डबल कोट घालायचा कंटाळा केला. शेलने स्पेसवर नावाचे दोन तुकडे केले. ‘जुना’ अशी फाइल नाही म्हणून आरएम एकदा कुरकुरला, आणि ‘अंतिम.पीडीएफ’ गुपचूप उडवून मोकळा झाला. उडवायची ती जागेवर, ठेवायची ती गायब! आरएमला कचरापेटी नसते. रात्री साडेअकरापर्यंत मेलमधल्या अटॅचमेंट धुंडाळत बसलो होतो.

खटपट्या: आमच्याकडे रोज रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा) बॅकअप चालायचा. फाइंडने शोधायचं, सापडलेली नावं पाइपमधून एक्सआर्ग्सकडे (नावं पुढच्या हुकमाला पुरवणारा) द्यायची, त्याने कॉपी करायचं. आठ महिने सगळं सुरळीत, असा आमचा समज. मग अकाउंट्सच्या ताईंनी ‘मार्च पगार’ मागितली, तेव्हा कळलं की स्पेसवाली एकही फाइल बॅकअपमध्ये नाही. एरर लॉगमध्ये रोज छापल्या जात होत्या, लॉग उघडतोय कोण! एक्सआर्ग्स आपणहून स्पेसवर तोडतो, आणि नावात एखादाच अ‍ॅपॉस्ट्रॉफी आला की तिथेच हात टेकतो. युनिक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत, तिरकी रेघ (/) आणि नल बाइट (शून्य किमतीचा, न दिसणारा). म्हणून दोन नावांच्या मधे नलच घालायचा: फाइंडला ‘-प्रिंट०’, एक्सआर्ग्सला ‘-०’. लिनक्सवरच्या ग्नू हुकमांमध्ये ही सोय कधीपासूनची आहे, पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात यायला मात्र २०२४ उजाडलं.

डीटीपीताई: गिऱ्हाइकं फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतात. त्या नावात ‘व्हॉट्सअ‍ॅप’, ‘इमेज’, तारीख, ‘अ‍ॅट’ आणि वेळ, असे सरळ पाच तुकडे. एलएसच्या (फाइलींची यादी दाखवणारा हुकूम) आउटपुटवर फॉर लूप लावून एकेक नाव मोजलं, तर ४० फोटोंचे २०० झाले. मी बिलही तसंच काढणार होते. एलएस काढून नुसती चांदणी (*) टाकली आणि आकडा ताळ्यावर आला.

‘नावात स्पेस देऊच नका’ असं सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या काउंटरवर येऊन गिऱ्हाइकांना सांगून बघावं.

रात्रपाळी: मॅकवर २०१९च्या कॅटालिनापासून नव्या खात्याला बॅशऐवजी झेडशेल हा शेल मिळतो. तो कोट नसलेलं व्हेरिएबल स्पेसवर तोडत नाही. त्यामुळे टर्मिनलमध्ये ओळ झकास चालली, तीच सर्व्हरवरच्या बॅश स्क्रिप्टमध्ये चिकटवली आणि आपटलो. आता आधी स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारा शेलचेक चालवतो. तो एससी२०८६, म्हणजे ‘कोट घाला’, म्हणत बसतो, बायकोने ‘गॅस बंद केला का’ विचारावं तसा. बहुतेक वेळा बरोबर असतो.

लिनक्सवाला_काका: माझी नाही, पण २०११ची बंबलबीची (लिनक्सवर एनव्हिडिया ग्राफिक्स कार्ड सांभाळणारा प्रोग्रॅम) गोष्ट नव्या पोरांना सांगायलाच हवी. तिथे फाइलच्या नावात स्पेस नव्हती, स्क्रिप्टमध्येच आरएमच्या ओळीत ‘/यूएसआर’नंतर एक चुकून पडली होती. पुढचा लांबलचक पाथ वेगळा झाला आणि अख्खं ‘/यूएसआर’ हे प्रोग्रॅमांचं फोल्डर पुसायचा हुकूम सुटला.

आणि हो, स्वतःच्या स्क्रिप्टला आलेली नावं पुढे द्यायची तर "$@", कोटांसकट. "$*" लिहिलंत तर सगळ्यांची मिळून एकच लांब शेपटी होते.

अर्धविराम: माझी स्पेस नावाच्या शेवटी होती. ‘यादी’ आणि पुढे एक स्पेस. एलएसमध्ये यादी दिसतेय, स्क्रिप्ट म्हणतेय अशी फाइलच नाही. दीड तास परमिशन तपासल्या! ओळ वाचणारा रीड हुकूम कडेच्या स्पेस खातो, म्हणून त्याच्याआधी ‘आयएफएस=’ (कुठे तोडायचं ते सांगणारं व्हेरिएबल) रिकामं ठेवायचं आणि उलटी तिरकी रेघ (\) जशीच्या तशी ठेवायला ‘-आर’ लावायचा, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. सर्व्हर जुना होता. २०१६ पासूनचा ग्नू एलएस टर्मिनलवर अशा नावांना कोट घालून दाखवतो. ते कोट पहिल्यांदा दिसले तेव्हा मी वैतागून बंद करून टाकले होते.