आयोगाला न्यायालयाची वाट मोकळी आहे
राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, म्हणून तो बिनकामाचा, हे मला पटत नाही. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातलं कलम १८ त्याला थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देतं. २००२च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या खटल्यात सगळे आरोपी सुटल्यावर २००३ साली आयोग स्वतः तिथे गेला होता. २००४ मध्ये न्यायालयाने फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला लावला. ही धमक आयोगाने वारंवार दाखवायला हवी. मला जास्त खुपतं ते कलम ३६: घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. कोठडीत मुलगा गमावलेल्या आईचं वर्ष पोलीस ठाण्याच्या खेपांतच सरतं. म्हणून ओळखीत कुणावर अशी वेळ आली तर लगेच सांगा: अर्ज मराठीतही चालतो, शुल्क नाही, वकीलही लागत नाही.