गायीच्या ढेकरातला मिथेन मोजतात कसा?

सड्यावरचा:
राजापूर तालुक्यात घर आहे, दोन गावठी गायी आणि एक म्हैस. मे महिन्यात भाचा आलेला मुंबईहून, जेवता जेवता म्हणतो मामा तुझी म्हैस वर्षाला ५५ किलो मिथेन सोडते. मी म्हणलं मोजला कोणी रे? आमच्या गोठ्यात लस टोचणाऱ्याशिवाय आजवर कोणी पाय ठेवला नाही. तर खरंच मोजतात कसा, शेपटीखाली पिशवी बांधतात काय? हसू नका, खरंच विचारतोय.

रवंथ:
शेपटीखाली नाही हो दादा, बहुतेक सगळा तोंडा-नाकावाटे येतो, ढेकरातून. पोटातल्या पहिल्या कप्प्यात चारा आंबतो ना तिथले सूक्ष्मजीव तो गॅस बनवतात. पक्कं मोजायचं तर जनावर बंद खोलीत ठेवतात, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासतात, पण खोली महाग आणि बंद खोलीत जनावर नीट खाईलच असं नाही. दुसरी रीत म्हणजे पोटात एक छोटी नळी सोडतात, तिच्यातून सल्फर हेक्झाफ्लोराईड नावाचा गॅस ठराविक वेगाने झिरपतो, गळ्यात हवा काढून घेतलेला डबा बांधतात, त्यात नाकाजवळची हवा हळूहळू भरत राहते, मग दोन्ही गॅसचं प्रमाण बघून मिथेन किती ते काढतात. यात जनावर चरायला सोडता येतं. गंमत म्हणजे तो सल्फरवाला गॅस स्वतःच मिथेनपेक्षा कैकपट पृथ्वी तापवणारा आहे, फक्त सोडतात अगदी मिलीग्रॅममध्ये.

सड्यावरचा:
म्हणजे देशातल्या सगळ्या गुरांच्या गळ्यात डबे बांधले??

भाताचा_पेंढा:
छे, २०१९ च्या पशुगणनेत नुसते गाय-बैलच १९ कोटींच्या वर होते, कोण बांधणार! डोकी मोजायची आणि दर डोई ठरलेल्या आकड्याने गुणायचं. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २००६ च्या मार्गदर्शिकेत आपल्या उपखंडासाठी दुभती गाय ५८ किलो, बाकी गाय-बैल २७, म्हैस ५५, शेळी ५. तुमच्या भाच्याने तोच ५५ उचललाय. त्याहून बारीक हिशोब करायचा तर जनावर काय खातं ते बघायचं. समजा तुमची गाय २०० किलोची, दिवसाला साडेचार किलो सुका चारा खाते (ओल्या गवतातलं पाणी वजा करून). किलोला १८.४५ मेगाज्यूल ऊर्जा धरली तर ८३ मेगाज्यूल झाले, त्यातले साधारण ६.५ टक्के मिथेनमध्ये जातात म्हणजे ५.४, आणि किलोभर मिथेनमध्ये ५५.६५ असतात, भागा, दिवसाला शंभरेक ग्रॅम, वर्षाला ३५ किलो. म्हणजे ना २७ ना ५८. आणि हा ६.५ सुद्धा ठरावीक नाही, चारा बदलला की बदलतो.

कातळफूल:
हिशोब बरोबर पण दुधाचं पण बघा ना. दर डोई गावठी गाय कमी दिसते, पण दिवसाला दीड लिटर देणारीचा मिथेन लिटरमागे मांडला तर तो संकरित गायीपेक्षा जास्त भरतो. मला हे पटत नाही खरं तर, कारण आमची गावठी गाय दूध, खत दोन्हीसाठी आणि बैल नांगराला, सगळा भार दुधावरच का टाकायचा? आणि शेणाचं कोणी बोललंच नाही. शेण खड्ड्यात पाण्याखाली राहिलं तर मिथेन जास्त, उन्हात पसरलं तर अगदी कमी, गोबरगॅस असेल तर तो जळून चुलीला कामी येतो. शेणामुतातून नायट्रस ऑक्साईड हा दुसरा तापवणारा गॅस पण निघतो, त्याचा हिशोब वेगळा असतो.

सड्यावरचा:
आमचा उकिरडा पावसात तळं होतो, भाच्याला सांगायचं नाही कोणी. ताणकाटा चुलत्याकडे आहे, उद्या दोन्ही गायींपुढचे पेंढ्याचे भारे वजन करून टाकतो, मग इथेच आकडे देतो. चरायला सोडल्यावर सड्यावर काय खाल्लं ते मात्र अंदाजेच धरावं लागेल.

भाताचा_पेंढा:
मग उरलेला पेंढा पण मोजा, नाहीतर खाल्लेलं जास्त येईल.