मदत हवी आहे: भाजलेल्या व्रणात केस लावले तर कातडी सुधारते का?

नमस्कार मंडळी, मी कराडजवळचा. २०१९ च्या हंगामात धाकटा भाऊ गुऱ्हाळावर भाजला, काहिलीतली उकळती काकवी डाव्या गालावर, मानेवर, छातीवर आली. काकवी पाण्यासारखी ओघळून जात नाही हो, बसली तिथंच भाजत राहते. मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावली (ग्राफ्ट केलं), जीव वाचला हेच तेव्हा लय झालं.

आता व्रण जुना झालाय पण मान वर केली की खालचा ओठ ओढला जातो, त्या गालावर दाढी नाही, आणि मे महिन्यात शर्टाची उजवी बाजू घामानं भिजते नि डावी कोरडीच. रात्री खाज सुटली की आई उठून खोबरेल तेल चोळत बसते, अजूनही.

मी वाचलं की लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या क्लेअर हिगिन्स यांच्या टीमनं डोक्यावर जुने व्रण असलेल्या ३ जणांना मुळासकट केस लावले, ६ महिन्यांत व्रणाची वरची कातडी दुप्पट जाड झाली, रक्तवाहिन्याही वाढल्या. २०२३ ला छापून आलंय. म्हणजे केस नुसते दिसायला नाहीत, मुळं आजूबाजूच्या कातडीलाच दुरुस्त करतात. पण माणसं तीनच, आणि जागा डोक्याची, म्हणून धीर होत नाही. दुसरं ते इंटेग्रा, म्हणजे गायीच्या कोलॅजनचा (कातडीतल्या प्रथिनाचा) तयार थर, तो आधी बसवून काही आठवड्यांनी वर पातळ कातडी लावतात, पण त्यातही घामाच्या ग्रंथी नसतात म्हणे.

इकडं एका केसवाल्या क्लिनिकमध्ये गेलो तर एकदम दीड हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे पुंजके, लावू म्हणाले, व्रणाला बोट लावूनसुद्धा बघितलं नाही. कुणी भाजलेल्या जागी केस लावून घेतलेत का? धरतात का? आधी काय करावं?

प्रतिसाद:
दादा, मी मिरजेची. मान ओढतेय ना, मग आधी प्लास्टिक सर्जनकडून ती मोकळी करून घ्या, केस नंतर. व्रणात रक्त कमी पोचतं म्हणून केस दाट लावत नाहीत. माझ्या बहिणीची भुवई स्टोव्हच्या भडक्यात गेलेली, डॉक्टरांनी पहिल्यांदा २० च केस लावले, आठ महिने थांबले, किती धरले ते मोजलं आणि मगच पुढचे लावले. केस डोक्यामागचे ना, त्यामुळं ते वाढतच राहतात, दर पंधरा दिवसांनी मीच बारीक कात्रीनं कापून देते तिला.