आरटीईत नंबर लागलाय, शाळा घेत नाही, चारच दिवस उरलेत. मदत हवी आहे

शेवंती२१ | सकाळी ११.०५
आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेशाच्या लॉटरीत माझ्या मुलाचा पहिलीसाठी नंबर लागला. मेसेज आल्यापासून तीनदा शाळेत जाऊन आले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सरकारनं आमचे पैसे थकवलेत, यंदा आम्ही आरटीईची मुलं घेत नाही. आज म्हणतात तुमचा भाडेकरार चालत नाही. मिस्टर टेम्पोवर असतात, मी शिवणकाम करते, रोज खाडा परवडत नाही. कोर्टानं निकाल दिलाय ना? मग शाळा नाही कशी म्हणते? तक्रार कुठे करायची एवढंच सांगा, लवकर.

घाटावरचा | ११.२०
ताई, शहर कोणतं? अर्ज कोणत्या गटातून केलाय, वंचित की दुर्बल? करार नोंदणीकृत आहे की नोटरीचा? आणि मुख्य म्हणजे, पडताळणी समितीकडे जाऊन आलात का?

शेवंती२१ | ११.३१
पिंपरी-चिंचवड, थेरगाव. करार घरमालकांनी करून दिलाय, पक्का आहे. आम्ही सहा वर्षं इथेच राहतो, सगळी गल्ली सांगेल. समिती कुठली? नंबर शाळेचा लागलाय म्हणून शाळेत गेले.

बारामतीकर | ११.४८
उत्पन्नाचा दाखला एक लाखाच्या आतला आहे का ते आधी बघा. बरेच अर्ज तिथेच बाद होतात. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही नगरसेवकाचं पत्र नेलं आणि पंधरा मिनिटांत काम झालं. तुम्हीही तेच करा.

घाटावरचा | १२.०२
बारामतीकर, थांबा. नगरसेवकाच्या पत्राला या प्रवेशात काही स्थान नाही. आणि एक लाखाची अट फक्त आर्थिक दुर्बल गटाला आहे. वंचित गटातून अर्ज असेल तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही, जातीचा लागतो, तोही महाराष्ट्रातला. ताईंनी गट अजून सांगितलेला नाही. त्यांना उगाच तहसीलला पाठवू नका.

शेवंती२१ | १२.१५
धनगर. मिस्टरांचा दाखला सोलापूरचा आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी काल अर्धा दिवस सेतू केंद्रात बसले. तो नकोच होता का?

घाटावरचा | १२.१९
नको होता. धनगर म्हणजे भटक्या जमाती (क), त्या वंचित गटात येतात. आता नीट ऐका. कागद तपासायचा अधिकार शाळेला नाही, महापालिकेच्या पडताळणी समितीला आहे. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाका, निवडपत्राची प्रिंट काढा, मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच घेऊन समितीच्या केंद्रावर जा. केंद्राचा पत्ता पोर्टलवर दिलेला असतो. समितीचा शिक्का झाला की मग शाळेत. तुम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली आणि शाळेनं ते तुम्हाला सांगितलं नाही. सांगणं त्यांचं काम होतं.

लेखाशीर्ष | १२.४०
शाळेच्या 'पैसे थकले' या म्हणण्याबद्दल. मी लेखा विभागात होतो म्हणून लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(२) नुसार सरकारचा स्वतःचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेची प्रत्यक्ष फी, यांतली कमी असेल ती रक्कम शाळेला मिळते. महाराष्ट्रात ही मर्यादा वर्षाला १७,६७० रुपये आहे, कोविडच्या काळात ती ८,००० वर आणली होती. ज्या शाळेची फी साठ हजार आहे तिला हा तोटा वाटतो. त्यात ही रक्कम, म्हणजे प्रतिपूर्ती, वर्षानुवर्षं रखडते, हे खरं आहे आणि सरकारचा हा दोष मी झाकणार नाही. एका वर्षाची एक लाख मुलं धरली तरी १७६ कोटी ७० लाख होतात. पहिली ते आठवी अशा आठही इयत्तांची मुलं धरली तर चौदाशे कोटींच्या पुढे. ही तरतूद अर्थसंकल्पात पहिल्या दिवशी पूर्ण व्हायला हवी. पण थकबाकी हा शाळा आणि सरकार यांच्यातला हिशेब आहे, त्यासाठी मुलाला दारात अडवता येत नाही.

सेवानिवृत्त मास्तर | १३.१०
लेखाशीर्ष, हेच चौदाशे कोटी जिल्हा परिषद आणि पालिकेच्या शाळांना का नकोत? आम्ही वर्गातला पंखा दुरुस्त करायला लोकवर्गणी काढायची आणि सरकारनं खासगी संस्थांची फी भरायची, हा कुठला न्याय? ताई, थेरगावात पालिकेची शाळा असेल. तिथे विनासायास प्रवेश मिळेल, पुस्तकं, गणवेश, पोषण आहार सगळं मोफत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी रांग लागायची, ते काय उगाच?

पाटीपेन्सिल | १३.२८
मास्तर, हे २०२४ मध्ये करून झालंय. ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेनं एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या पंचवीस टक्के मोफत जागांतून सूट दिली. यादीत सरकारी शाळा आल्या, जागा आठ लाखांच्या पुढे गेल्या आणि अर्ज एक लाखही आले नाहीत. उच्च न्यायालयानं ६ मे रोजी स्थगिती दिली, १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली. जुना नियम परतला तेव्हा साधारण एक लाख जागांना दोन लाखांहून जास्त अर्ज आले. पालकांनी त्यांचं मत सांगितलं आहे.

सेवानिवृत्त मास्तर | १३.४५
पालिकेच्या शाळेत एरवीही थेट प्रवेश मिळतो, त्यासाठी लॉटरीचा फॉर्म कोण भरेल? त्या आकड्यावरून आमच्या शाळा नाकारल्या असं म्हणू नका. दोन शिक्षकांवर पाच वर्ग चालवायचे, त्यांनाच निवडणुकीला आणि सर्वेक्षणाला पाठवायचं, मग पट घसरला की शाळा बंद करायची. बत्तीस वर्षं मी हे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या शेवटच्या शाळेत चौदा मुलं होती. ती बंद झाली तर त्यांनी ओढा ओलांडून कुठे जायचं होतं?

पाटीपेन्सिल | १३.५८
त्या चौदा मुलांची शाळा राहिलीच पाहिजे, याबद्दल आपलं दुमत नाही. पण ताईंच्या मुलाचा हक्क आज आहे. पालिकेची शाळा सुधारेपर्यंत तो थांबू शकत नाही. ताई, एक मात्र लक्षात ठेवा, ही सवलत आठवीपर्यंतच आहे. आमच्या शेजारच्या मुलीला नववीत पूर्ण फी मागितली आणि शाळा सोडावी लागली. आतापासून महिन्याला थोडं बाजूला टाका.

विदर्भकन्या | १४.१५
मुलगा हुशार असेल तर नवोदयचा फॉर्म नक्की भरा. सहावीपासून राहणं-खाणं मोफत असतं, ग्रामीण मुलांना ७५ टक्के जागा आहेत. माझा पुतण्या तिथेच शिकला.

घाटावरचा | १४.२२
ताई, मुलगा सहा वर्षांचा आहे, नवोदय पुढे बघू. करारावरच्या तारखा सांगा. फॉर्म कधी भरला आणि करार कधी नोंदवला?

शेवंती२१ | १५.०६
फॉर्म २२ जानेवारीला भरला. करारावर ५ फेब्रुवारी आहे, दुय्यम निबंधकाचा शिक्का आहे. आधारवर गावचा पत्ता आहे, रेशनकार्डही गावचंच.

घाटावरचा | १५.१४
अडचण इथे आहे. निवासाच्या पुराव्याला भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृत हवा, किमान अकरा महिन्यांचा हवा आणि फॉर्म भरण्याच्या आधीचा हवा. तुमचा नंतरचा आहे. याच्या आधीचा करार होता का?

शेवंती२१ | १५.३०
होता की. मागच्या मार्चपासून ३१ जानेवारीपर्यंत. तो संपला म्हणून नवीन केला. जुना कशाला दाखवायचा म्हणून घरीच ठेवला.

घाटावरचा | १५.३३
तोच तुमचा पुरावा आहे! २२ जानेवारीला तो चालू होता. दोन्ही करार घेऊन जा, जुना वर ठेवा. तो नोंदवलेला आहे ना, एवढं बघा. दस्त क्रमांक आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) असेल तर तेही जोडा. फॉर्म भरताना नकाशात घराची खूण बरोबर लावली होती ना? पत्ता आणि खूण जुळतात का हेही ते बघतात.

लेखाशीर्ष | १५.५०
शाळेनं पुन्हा नाही म्हटलं तर नकार लेखी मागा. देत नसतील तर तारीख, वेळ आणि काय म्हणाले हे लिहून पालिकेच्या शिक्षण विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजतात.

शेवंती२१ | दुसऱ्या दिवशी, १७.४०
झालं. जुना करार नोंदवलेलाच होता. समितीतल्या बाईंनी दोन्ही करार पाहिले, नकाशा पाहिला आणि शिक्का दिला. शाळेत गेले तर शिक्का बघून आधीच्याच माणसानं कागद घेतले, पोर्टलवर प्रवेश नोंदवला. घाटावरचा दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. मास्तर, तुमच्या चौदा मुलांचं वाचून रात्री झोप लागली नाही. मी पण तसल्याच शाळेत शिकले. पण माझ्या पोराला इंग्रजीसाठी अडायला नको.
आता शाळा पुस्तकं आणि गणवेशाचे ६,८०० मागते आहे. पावती मागितली तर नंतर देऊ म्हणाले.

लेखाशीर्ष | १७.५२
पैसे देऊ नका. पंचवीस टक्क्यांतल्या मुलाला पुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळावेत असं केंद्र सरकारच्या नियमांत आहे. रक्कम कशाकशाची, ते शाळेच्या शिक्क्यानिशी लेखी मागा. मिस्टरांना सोबत न्या.

शेवंती२१ | १८.०५
ते उद्या नाशिकला माल घेऊन चाललेत. सोमवारी दोघं जातो.