सर्बियन 'स्नाया' आणि आपली 'सून' एकच का?

राधा_नोव्हीसाद:
लग्न होऊन सर्बियात आले. सासूबाई शेजारणींना माझी ओळख 'नाशा स्नाया' अशी करून देतात, म्हणजे आमची सून. दीर 'स्नायो' अशी हाक मारतो, कारण इथे भावाच्या बायकोलाही तोच शब्द. पुस्तकी रूप 'स्नाहा'. यात आपली 'सून' आहे असं राहून राहून वाटतं. कुणी नीट सांगेल का?

जुनी_पोथी:
आहेच. रशियन, पोलिश, सर्बियन या स्लाविक भाषा; त्यांच्या मूळ भाषेतलं, म्हणजे आदिस्लाविक रूप *स्नुखा असं (तारा म्हणजे अंदाजाने बांधलेलं रूप) मांडतात, त्यातला उकार अगदी ऱ्हस्व. त्याची सख्खी जोडी संस्कृत 'स्नुषा'. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातल्या वृषाकपि सूक्तात 'सुस्नुषे', म्हणजे चांगली सून लाभलेली, असं संबोधन आहे. 'स्नुषा'ची प्राकृतात 'सुण्हा' झाली, तिची 'सून'. हिंदीतली 'बहू' 'वधू'वरून आली. मराठी-कोकणीने जुना शब्द सोडला नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

तिकडे रशियन 'स्नखा', बल्गेरियन 'स्नहा', चेक 'स्नाखा'. 'ष' आणि 'ख' हा फरकही नियमाने आलेला: 'उ'नंतरच्या मूळ 'स'चा संस्कृतात 'ष' होतो, स्लाविकमध्ये 'ख'. 'शुष्क' आणि रशियन 'सुखोय' बघा, दोन्हींचा अर्थ सुका. सर्बियन बोलींत पुढे 'ह' गळाला, म्हणून तुमची 'स्नाया'.

वॉर्सा_पुणे:
पोलिशमध्ये सुनेला 'सिनोव्हा' म्हणतात. तीही यातलीच ना?

जुनी_पोथी:
नाही. ती 'सिन' म्हणजे मुलगा, त्यावरून बनली. 'सिन'चं नातं संस्कृत 'सूनु'शी. जुन्या पोलिशमध्ये 'स्नेश्का' होती, ती मागे पडली. लॅटिन 'नुरुस' आणि ग्रीक 'न्युओस' मात्र 'स्नुषा'च्याच कुळातले. राधाताई, तिकडे जावेला काय म्हणतात?

राधा_नोव्हीसाद:
'येत्र्वा'. दिराला 'देवेर', सासूला 'स्वेक्र्वा'.

जुनी_पोथी:
म्हणजे अख्खं सासर जुळलं! 'येत्र्वा' ही संस्कृत 'यातृ', आपली जाऊ. 'देवेर' म्हणजे देवर, आपला दीर. 'स्वेक्र्वा' ही श्वश्रू, सासू. लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या घरी जायची, तिला रोज हाका मारायच्या त्या याच माणसांना. म्हणून संस्कृत, स्लाविक, ग्रीक, लॅटिन या सगळ्या जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतले नवऱ्याकडचे नातेशब्द जितके स्पष्ट जुळतात, तितके बायकोच्या माहेरचे जुळत नाहीत.