झुरिच ते मिलान : सव्वातीन तास की अख्खा दिवस?

घाटमाथा :
गेल्या आठवड्यात एका सदस्यांनी पॅरिस, झुरिच, मिलान, व्हेनिस असा दहा दिवसांचा आराखडा येथे मांडला आणि शेवटी ठणकावून लिहिले, की डोंगरातल्या मंद गाड्यांवर दिवस घालवणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय असून एका देशातून दुसऱ्या देशात जाताना नेहमी सर्वांत वेगवान गाडीच घ्यावी. मी दोन ओळी लिहून गप्प बसणार होतो, पण त्याखाली लागलेली ‘अगदी सहमत’ची रांग पाहून सविस्तर लिहिणे भाग पडले.

पॅरिस ते झुरिच चार तासांत उरकावे, याबद्दल माझा वाद नाही. त्या वाटेवर बरेच अंतर शेतेच दिसतात. पण झुरिच ते मिलान? २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किलोमीटरांच्या गोटहार्ड बोगद्यात गाडी शिरते आणि वीसेक मिनिटे खिडकीत स्वतःचाच चेहरा दिसत राहतो. आपण आल्प्स ओलांडला, हे नंतर नकाशा उघडून कळते. याउलट कूर, सेंट मॉरिट्झ आणि इटलीतले तिरानो या वाटेने गेल्यास आल्प्सवरून जाणाऱ्या बेर्निना रेल्वेमार्गावर २२५३ मीटर उंचीवरून चाळीस किलोमीटरांच्या आत ४२९ मीटरवर उतरता येते, आणि तेही दातेरी रुळाच्या मदतीशिवाय. तेथे हजार मीटरला सत्तर मीटर असा चढ आहे. आपल्या बोरघाटात सदतिसास एक, म्हणजे हजारास सत्तावीस एवढ्याच चढाला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

वेळापत्रक :
ज्यांच्या वाक्यावर हा प्रपंच मांडला आहे, तो मीच. आपण बहुधा एकटे, पाठीवर एक पिशवी टाकून फिरता. माझ्याबरोबर सत्तरी ओलांडलेले आईवडील, दोन मुले आणि चार बॅगा आहेत. झुरिचहून मिलानला थेट गाडी सव्वातीन तासांत पोहोचवते. आपल्या मार्गाने कूर आणि तिरानो येथे तरी गाडी बदलावी लागेल आणि अख्खा दिवस जाईल. वर्षाकाठी मिळणाऱ्या बारा दिवसांच्या रजेतला तो दिवस कोणत्या खात्यात टाकायचा, तेही सांगावे.

खिडकीशेजारी :
घाटमाथा यांच्याशी सहमत आहे, पण कृपा करून कोणी त्या मार्गावरच्या, न उघडणाऱ्या मोठ्या काचांच्या बेर्निना एक्सप्रेसच्या नावाला भुलू नये. तिला आरक्षण सक्तीचे आहे, आणि रेल्वे पास असला तरी त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. त्याच रुळांवरून साधी स्थानिक गाडी धावते; तिला आरक्षण लागत नाही आणि तिच्या काही डब्यांत खाली सरकणाऱ्या खिडक्या असतात. ब्रुसिओच्या वर्तुळाकार पुलावर गाडी स्वतःभोवतीच वळते, तेव्हा मान बाहेर काढून मागचे डबे पाहण्यातला आनंद बंद काचेतून मिळत नाही. छायाचित्रात मात्र आपल्याच टोपीचे प्रतिबिंब मिळते.

काचेपलीकडे :
उघड्या खिडकीचे हे स्तोत्र मी अनेकदा वाचले आहे. आम्ही जानेवारीत गेलो होतो. बाहेर सर्वत्र बर्फ असताना एका छायाचित्रकार महाशयांनी खिडकी उघडली आणि पुढचा अर्धा तास अख्खा डबा कुडकुडत बसला. छतापर्यंत चढलेल्या काचेतून बसल्या जागी शिखरे दिसतात, आणि माझ्या आईसारख्या मान वाकवता न येणाऱ्या माणसाला त्याचे मोल कळते. पाच मिनिटांच्या चित्रफितीसाठी चाळीस जणांना गारठवणे हा निसर्गप्रेमाचा कोणता प्रकार आहे?

खिडकीशेजारी :
मी जूनबद्दल लिहीत होते, हे आपल्या लक्षात आले नसावे. काचेच्या डब्यात बसलेली माणसे निसर्ग पाहत नाहीत, ती तो दूरचित्रवाणीवर पाहतात. उक्षीजवळचा रानपाटचा धबधबा मी लहानपणी कोकण रेल्वेच्या दारात बसून अंगावर झेलला आहे, आणि आता व्हिस्टाडोमच्या थंड डब्यातूनही पाहिला आहे. दोन्हींची तुलनाच होऊ शकत नाही.

काचेपलीकडे :
धावत्या गाडीच्या दारात बसण्याचे गोडवे सार्वजनिक ठिकाणी गाऊ नयेत, एवढे तारतम्य तरी बाळगावे.

इझारकाठ :
खिडकी उघडी असावी की बंद, यावर आपण दोघांनी स्वतंत्र परिषद भरवावी. खरा प्रश्न गाडी चुकण्याचा आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आम्ही म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून वेरोनाला निघालो आणि पुढच्या गाडीचे तिकीट दुसऱ्या कंपनीकडून, चार युरो वाचवण्यासाठी, वेगळे काढले. पहिली गाडी सत्तर मिनिटे उशिरा पोहोचली. पुढची निघून गेली होती आणि तिकीट खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितले, की दोन तिकिटे म्हणजे दोन करार. चौघांची नवी तिकिटे पूर्ण दराने घ्यावी लागली. प्रवास एकाच सलग तिकिटावर असता, तर पुढच्या गाडीत बसवण्याची जबाबदारी त्यांची होती, आणि मुक्कामी पोहोचायला तासाहून अधिक उशीर झाल्यास पंचवीस टक्के, दोन तासांवर पन्नास टक्के भरपाईचा युरोपीय नियमही आहे. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम बासष्ट टक्के वेळेवर होत्या, म्हणून गाडी बदलताना दहा मिनिटांचे अंतर ठेवणे हा आशावाद नव्हे, जुगार आहे. पास घ्यायचा असेल, तर इंटररेल घ्यावा.

वेळापत्रक :
इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी असतो. पुण्याहून येणाऱ्यांना युरेल घ्यावा लागतो. म्युनिकमध्ये बसून सल्ला देताना एवढे तपासले असते, तर बरे झाले असते.

इझारकाठ :
चूक मान्य आहे. माझे स्वतःचे आईवडील आले तेव्हा त्यांचा युरेल आणि आमचा इंटररेल होता, तरीही लिहिण्याच्या भरात विसरलो. इतक्या तत्परतेने आपण बेर्निनाचे वेळापत्रक पाहिले असते, तर हा धागा निघालाच नसता.

घाटमाथा :
खिडकीच्या भांडणात माझा मुद्दा वाहून गेला, म्हणून पुन्हा सांगतो. मी सर्वत्र मंद गाडी घ्या, असे म्हटलेले नाही. कोलोन ते फ्रँकफुर्टचा ताशी तीनशे किलोमीटरचा मार्ग २००२ साली खुला झाला, आणि त्याच वर्षी कोब्लेन्झ ते बिंगेन ही ऱ्हाइनची दरी जागतिक वारसा यादीत गेली. वेगवान गाडी त्या दरीत शिरतच नाही. ब्रसेल्सहून येणाऱ्याने दोनपैकी काय घ्यायचे, हे त्या टप्प्यापुरते ठरवावे. ‘नेहमी’ हा शब्द मला खटकला होता.

आणि ज्यांना बेर्निना लांब वाटते, त्यांच्यासाठी १८८२ सालचा जुना गोटहार्ड मार्ग अजून चालू आहे. तेथे गाडी बोगद्यांतून गोल फिरत चढते आणि वासेनचे चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते. ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या बोगद्यात मालगाडी घसरली, तेव्हा दुरुस्ती संपेपर्यंत बहुतेक प्रवासी गाड्या याच वाटेने नेल्या जात होत्या. वेगाचे तिकीट काढलेल्यांना ते चर्च तेव्हा फुकटात दिसले. त्यांनी तक्रारी केल्या, ही गोष्ट वेगळी.

वेळापत्रक :
‘नेहमी’ हा शब्द मागे घेतो, एवढ्यावर समाधान मानावे. आईला विचारले, तर ती म्हणाली, की बोगदे पाहायला मुंबई–पुणे पुरेसे आहे. त्यामुळे मिलानची एक रात्र कमी करून ती तिरानोला ठेवत आहे, म्हणजे बॅगा घेऊन एकाच दिवशी धावपळ होणार नाही. गाडी मात्र काचेचीच घेणार. वडिलांना सर्दी लवकर होते.

खिडकीशेजारी :
घ्या बापडे. सेंट मॉरिट्झहून तिरानोकडे उतरताना उजव्या बाजूला बसा, आणि दुसऱ्या दिवशी मिलानच्या गाडीतही उजवीकडेच, कारण कोमो सरोवर त्या बाजूला येते. ती इटलीची साधी गाडी आहे. तिची खिडकी उघडली, तर काचेपलीकडे यांना कळवू नका.