गिटार चालेल, शब्द बुडू नयेत
गिटार आली की अभंगातली भक्ती संपली, हे काही पटत नाही बुवा. पैठणच्या नाथांनी तरी काय केलं? वासुदेव, जोशी, गोंधळी ही गावोगावची सोंगं उचलून भारुडं रचली. नरसीच्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, तिकडे शीख मंडळी ती आपल्या ढंगात गातात.

माझी तक्रार वेगळी. आषाढीला आमच्या गावात (परभणीकडं) पोरांनी जनाबाईंचा अभंग कीबोर्डवर बसवला. चाल झकास, पण बेस एवढा की शब्दच ऐकू येईनात. म्हातारे विणेकरी गुपचूप स्पीकरमागं जाऊन बसले. मग कुणीतरी आवाज उतरवला, पखवाज पुढं घेतला, तर बायका फुगड्या घालायलाच उठल्या. कीबोर्ड चालूच होता की!